नाटक बघायला थेट लंडनला!

"लंडनला चाललीस? कोणाचं बाळंतपण आहे का गं?"

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जासईत हा प्रश्न मला निदान वीस जणींनी विचारला असेल. पन्नाशीची बाई एकटी परदेशी निघाली म्हणजे लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, हे आपल्याकडे ठरलेलंच. दुसरं काही कारण असू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी म्हणायचे, "नाही गं, नाटक बघायला जाते." समोरची आधी हसायची. मग माझा चेहरा बघून तिला कळायचं की ही थट्टा करत नाही. मग ती गप्प व्हायची. ते गप्प होणं जास्त टोचायचं!

आमचे हे तर म्हणाले, "अगं, नाटकच बघायचं तर वाशीला विष्णुदास भावे आहे, पनवेलला फडके नाट्यगृह आहे. संध्याकाळी जाऊ, रात्री जेवायला घरी. त्याला विमान कशाला?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मला बघायचं होतं ते नाटक वाशीला लागत नव्हतं, आणि मी त्याची वाट एकतीस वर्षं बघत होते.

सुरुवातीपासून सांगते. माझं माहेर जासईचं आणि सासरही जासईचंच, चार गल्ल्या सोडून. बारावीनंतर लग्न, मग दोन मुली. १९८९ मध्ये जवळ न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहायला लागली, तशी मी त्यांना डबे द्यायला लागले. आठ डब्यांपासून सुरुवात केली, ते चाळिसांवर गेले. थोडक्यात काय, माझं सगळं आयुष्य चार गल्ल्यांत आणि चाळीस डब्यांत.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. १९८५ मध्ये तो बोटीवर कामाला लागला. १९८६ च्या मे महिन्यात पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं साबण, सेंट, एक टू-इन-वन आणि सात-आठ कॅसेटी आणल्या. त्यात एक दोन कॅसेटींचा जोड होता. नाव 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'. दादा म्हणाला, "बोटीवर एक गोव्याचा कुक होता, तो रोज ऐकायचा. ऐकून ऐकून मला पण वेड लागलं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नुसता गोंगाट वाटला. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, मध्येच कोणीतरी घसा फाटेपर्यंत ओरडतोय. त्यात माझं इंग्रजी बारावीपुरतं. पण आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "यो कनाला ररतंय गो?" म्हणजे हा कशाला रडतोय?

आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण आवाजातलं रडू तिनं बरोबर ओळखलं. दादानं सांगितलं, "आई, यानं दोस्ताला पकडून दिलं. तीस चांदीची नाणी घेतली. आता पस्तावलाय."

आईनं सूप खाली ठेवलं. थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "मंग पैशे परत दे म्हनावं त्याला." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

आमची आई धवलारीण होती. आगरी लग्नाची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गाणारी ती धवलारीण. जुन्या काळी तर भटजीच्या ऐवजी धवलारणीच गाऊन लग्न लावायच्या. सगळी कथा, देवाला आमंत्रण, नवरा-नवरीला शिकवण, सगळं गाण्यातून. मध्ये बोलणं नाही. रात्र रात्र गायचं, माईक नाही, वाद्यही बहुतेक वेळा नाही. घसा हीच पुंजी.

आणि दादाच्या कॅसेटमध्येही तेच होतं! यालाच रॉक ऑपेरा म्हणतात, हे मला पुढे कळलं. आपल्या संगीत नाटकात पदं असतात, पण मध्ये संवादही असतात. 'सौभद्र' घ्या नाहीतर 'शाकुंतल', पद संपलं की पात्रं बोलायला लागतात. ऑपेरात भांडणसुद्धा गाऊनच करायचं. त्याला साथ तंबोरा-पेटीची नाही तर रॉक संगीताची, म्हणून तो रॉक ऑपेरा. आईला त्यातलं तालाचं गणित पहिल्या आठवड्यातच उमगलं. येशूला शांत करायला मेरी मॅग्डलिन गाते ते गाणं चार मात्रांत नाही, पाच मात्रांत आहे. आई गुडघ्यावर थाप देत म्हणायची, "एक पाय जास्त टाकतंय यो." देवळातल्या बाजाराचा प्रसंग आहे, तो सात मात्रांचा. आपला रूपकही सातांचाच की!

कथा साधीच आहे. येशूच्या शेवटच्या सात दिवसांची. तो जेरुसलेमला येतो, लोक डोक्यावर घेतात, सत्ताधाऱ्यांना भीती वाटते, त्याचाच शिष्य जुडास त्याला पकडून देतो आणि शेवटी क्रूस. पण गंमत अशी की गोष्ट दिसते ती बरीचशी जुडासच्या नजरेतून. दगा देणाऱ्याच्या! पहिलंच गाणं त्याचं. तो मित्राला सांगतोय की हे आता हाताबाहेर चाललंय, लोक तुला देव करून बसलेत, उद्या आपल्या सगळ्यांना चिरडतील.

हे मला उरणच्या एका ख्रिश्चन मैत्रिणीनं बसून समजावलं. कॅसेटबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरांत गाणी छापली होती. मी ती वहीत उतरवली, शेजारी डिक्शनरीतले अर्थ लिहिले. दादा दरवर्षी सुट्टीवर आला की आम्ही दोघं म्हणायचो. तो जुडास, मी बाकीचे सगळे! लग्न झाल्यावरही दादा आला की मी माहेरी पळायची, आणि आमची मैफल बसायची. आई दारात बसून ऐकायची.

हे लिहिणारे दोघे तेव्हा अगदी पोरसवदा होते. संगीत अँड्र्यू लॉइड वेबरचं, शब्द टिम राइसचे. नाटकावर पैसे लावायला कोणी तयार होईना म्हणून त्यांनी १९७० मध्ये आधी त्याची ध्वनिमुद्रिकाच काढली. ती जगभर गाजली. मग १९७१ मध्ये न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर आणि १९७२ मध्ये लंडनला नाटक उभं राहिलं. लंडनमध्ये ते १९८० पर्यंत सलग चाललं! १९७३ मध्ये सिनेमा आला. विरोधही खूप झाला. कोणाला वाटलं हा देवाचा अपमान आहे, तर कोणाला वाटलं यात ज्यूंना वाईट दाखवलंय.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अॅलेक पदमसींनी हे नाटक १९७४ मध्ये मुंबईत केलं होतं आणि त्यात जुडास झाला होता आपला नंदू भेंडे! आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. घरात मराठी रंगभूमी आणि पोरगा गातोय रॉक! पुढे १९७८ मध्ये पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'तही तो होता. म्हणजे मोऱ्यावरून लाँचमध्ये बसलं की भाऊचा धक्का, आणि तिथून पुढे हे नाटक चालू होतं. तेव्हा मी सात वर्षांची, खाडीच्या अलीकडे खेकडे पकडत होते! नंदू भेंडे २०१४ मध्ये गेला. पेपरात वाचलं त्या दिवशी डबे भरताना माझं लक्ष नव्हतं. एका डब्यात दोनदा भाजी गेली, एकात गेलीच नाही.

एव्हाना दादा आणि मी बोलत नव्हतो.

आता हे लिहायला जड जातंय, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्या १९७० साली ती ध्वनिमुद्रिका निघाली त्याच साली सिडको स्थापन झाली, आणि नवी मुंबईसाठी आमच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी आमच्या माणसांनी आंदोलन केलं. दि. बा. पाटील त्याचे नेते, ते आमच्या जासईचेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. त्या दिवशी बाबा दास्तान फाट्याकडे गेले होते, दादा होता, आणि आईसुद्धा होती. आईच्या पाठीवर लाठीचा वळ महिनाभर होता.

बाबा १९९९ मध्ये गेले, आई २००३ मध्ये. २००९ मध्ये साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं काम पुढे सरकलं आणि एका संध्याकाळी दादा माझ्याकडे कागद घेऊन आला. हक्कसोड पत्र. म्हणाला, "इथं सही कर. सगळ्या बहिणी करतात."

खरंच सगळ्या करतात. माझ्या सासूनं केली होती, जावेनं केली होती. सही केली की माहेर शाबूत राहतं, नाही केली की माहेर तुटतं, असा हिशोब. मला पैशाची काही मरणाची निकड नव्हती. पण मला आईची पाठ आठवली. मी म्हटलं, "दादा, लाठ्या पडल्या तेव्हा बाया पुढे होत्या. आता वाटणीला बाया कुठे गेल्या?"

तो खूप बोलला. मीही बोलले. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हक्क मिळालाय, हे मी ऐकवलं. जाता जाता दारात उभं राहून तो म्हणाला, "तीस नाण्यांत भाऊ विकलास."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं. पण हे वाक्य कुठून आलं ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आमच्याच कॅसेटमधून काढून त्यानं ते मला मारलं होतं.

पुढे चार जाणती माणसं मध्ये पडली, मला हिस्सा मिळाला. मुलींच्या शिक्षणाला लावला, उरलेला बँकेत ठेवला. पण आठ वर्षं चार गल्ल्यांपलीकडच्या भावाचं तोंड बघितलं नाही. बाजारात समोर आला तर तो त्या बाजूनं, मी या बाजूनं. आणि ती कॅसेट? ती दादाकडेच होती. माझ्याकडे फक्त वही.

दादाची मुलगी मात्र माझ्याशी बोलायची. बापाच्या चोरून, फोनवर. ती नोकरीनिमित्त नवऱ्याबरोबर लंडनला गेली. २०१७ च्या मे महिन्यात तिचा फोन आला. "आत्या, तुझं ते नाटक इथं लागतंय. रीजंट्स पार्कमध्ये, उघड्यावरच्या थिएटरात. गेल्या वर्षी झालं होतं, बक्षीसही मिळालंय. तू ये. तिकीट मी काढते."

मी आधी नाहीच म्हटलं. आपण बायका पहिल्यांदा नाहीच म्हणतो! रात्री पासबुक काढून बघितलं. डब्यांच्या पैशांतून साठवलेले होते, हिश्शाचेही थोडे होते. विमान, व्हिसा मिळून पाऊण लाखाच्या वर खर्च. राहायला भाचीकडे. पाऊण लाखात पोरीला दागिना होईल, घराला रंग होईल, असं मन सांगत होतं. मग वाटलं, एकतीस वर्षांत मी स्वतःसाठी म्हणून काय मागितलंय? हे शेवटी म्हणाले, "जा. नाही गेलीस तर जन्मभर मला ऐकवशील." हाही होकारच!

व्हिसासाठी तीन वर्षांची विवरणपत्रं, बँकेचे कागद, धंद्याचे कागद जोडले. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. मैत्रिणींनो, एक सांगते, धंदा कितीही छोटा असो, बँकेत व्यवहार ठेवा आणि विवरणपत्र भरा. जाण्याच्या कारणापुढे मी खरंच "नाटक बघणे" लिहिलं होतं. व्हिसा मिळाला!

गौरी-गणपती उरकले, विसर्जन झालं, आणि घटस्थापनेच्या आत परत यायचं असा बेत केला. डबे दहा दिवस जावेनं सांभाळले. तेव्हा अटल सेतू नव्हता, की उलव्याचं विमानतळ नव्हतं. पहाटे दोनला निघून वाशीच्या पुलावरून सहार गाठलं. विमानात बाजूची बाई म्हणाली, "लेकीकडे?" मी म्हटलं, "नाटकाला." ती झोपली.

खेळाच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं. भाचीचा चेहरा उतरला. या थिएटराला छप्परच नाही. १९३२ पासून तिथं असंच उघड्यावर नाटक करतात, हजार-बाराशे माणसं बसतात, मागे झाडंच झाडं. पावसानं खेळ थांबला तर पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्या दिवसाचं तिकीट बदलून देतात. पण माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी! आणि खेळ चालू असताना छत्री उघडायची नाही असा नियम. भाची म्हणाली, "आत्या, भिजशील." मी म्हटलं, "अगं, इरलं डोक्यावर घेऊन लावणी केलेली बाई मी. मला कसला पाऊस दाखवतेस?"

आम्ही प्लॅस्टिकचे रेनकोट घालून बसलो. माझ्या डाव्या हाताला सत्तरी ओलांडलेली एक इंग्रज बाई, हातात थर्मास. तिनं विचारलं, कुठून आलात? मी सांगितलं, मुंबईजवळून, खास याच्यासाठी. ती म्हणाली की तिनं हे नाटक लग्नाआधी पॅलेस थिएटरात पाहिलं होतं, ज्याच्याबरोबर पाहिलं तो आता नाही. मग तिनं थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. साखर नव्हती, पण गरम होता.

रिमझिम सुरू होती. अंधारून आलं होतं. आणि गिटारचा तो पहिला सूर आला.

काय सांगू! टू-इन-वनच्या पिटुकल्या स्पीकरमधून जे ऐकत होते ते अंगावर आलं. ड्रमचा ठोका खुर्चीतून पाठीत शिरत होता. रंगमंचावर राजवाडे नव्हते की झगे नव्हते. मागे गंजल्यासारखा लोखंडी सांगाडा, त्यातच वादक बसलेले. जमिनीवर आडवा पडलेला एक प्रचंड क्रूस, त्याच्यावरच सगळे नाचत, गात होते. येशू साध्या आजच्या कपड्यांत, गळ्यात गिटार. देव वाटतच नव्हता. आपल्या गल्लीतला, चार रात्री झोप न झालेला पोरगा वाटत होता. माझ्या वहीतलं एक एक पान डोळ्यांपुढे उलटत होतं. मेरीचं पाच मात्रांचं गाणं आलं तेव्हा माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. एक पाय जास्त! भाचीनं माझा हात धरला. तिनंही आजीला तसं करताना पाहिलं होतं.

जुडासचं काम टायरोन हंटली नावाचा एक तरुण नट करत होता. काय आवाज त्याचा! एकतीस वर्षं मी जुडासचं पहिलं गाणं ऐकत होते, पण माझ्या डोक्यात तो ठरलेला दगलबाज होता. आणि खरं सांगायचं तर २००९ पासून त्याला दादाचा चेहरा होता. दादाच्या लेखी तो चेहरा माझा. पण समोर बघितलं तर हा पोरगा दगलबाज नव्हताच. तो घाबरलेला होता. मित्रावर त्याचा जीव होता, आणि सगळं बुडणार या भीतीनं तो वेडावाकडा वागत होता.

मग तो पैसे घ्यायला जातो. पेटीत हात घालतो आणि बाहेर काढतो, तर दोन्ही हात कोपराकडे चकाकत्या चांदीच्या रंगानं माखलेले. आणि मैत्रिणींनो, ते हात मग तसेच राहतात. पुढच्या प्रत्येक प्रसंगात. जेवायला बसतो तरी चांदीचे, मित्राजवळ जातो तरी चांदीचे. लपवायला जागाच नाही. येशूला चाबकाचे फटके मारतात तो प्रसंगही असाच. प्रत्येक फटक्याला रक्ताच्या ऐवजी चमकी उडते. एकोणचाळीस वेळा. लोकांचा नवस, जत्रा, आणि लोकांचाच चाबूक. आमच्याकडे बघणाऱ्यांतला एकही माणूस हलत नव्हता. पाऊस केव्हा थांबला ते मला आजही सांगता येणार नाही.

जुडास रडायला लागला तेव्हा मला आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. यो कनाला ररतंय गो?

मी माझ्या हातांकडे बघितलं. मग वाटलं, माझे हात स्वच्छ आहेत. मी हिस्सा घेतला तो माझा होता, आईच्या पाठीचा होता. त्याबद्दल मला त्या दिवशी पस्तावा झाला नाही, आजही नाही. पण दादालाही मी आठ वर्षं चांदीच्या हातांचा करून ठेवलं होतं. तेव्हा त्याची बोट सुटली होती, गुडघे गेले होते, दोन मुलांची शिक्षणं डोक्यावर होती. प्लॉट तुटला तर आपलं काही उरणार नाही या भीतीनं तो बोलला. बोलला ते चूकच. पण घाबरलेला माणूस आणि विकलेला माणूस यांत फरक असतो, हे मला कळायला हवं होतं. निदान मला तरी. ती कॅसेट मी हजार वेळा ऐकली होती!

नाटकाच्या शेवटी क्रूस आहे, पुढे काही नाही. येशू परत उठतो ते या नाटकात दाखवलेलंच नाही. सगळे गप्प होतात आणि दिवे जातात. बाजूच्या बाईनं डोळे पुसले, माझ्या हातावर थोपटलं आणि थर्मास पिशवीत घालून निघून गेली. भाची म्हणाली, "आत्या, बाबांना फोन लावू?" मी घड्याळ बघितलं. इथे सव्वादहा म्हणजे जासईत पहाटेचे पावणेतीन. म्हटलं, "झोपू दे त्याला."

खरं तर फोनवर बोलायची माझीच छाती नव्हती.

घटस्थापनेच्या आत परत आले. डबे सुरू झाले. विमानातून आणलेला नाटकाचा कार्यक्रमपत्रिकेचा अंक कपाटात होता. रोज वाटायचं आज जाऊ, आणि रोज काहीतरी काम निघायचं. चार गल्ल्या लंडनपेक्षा लांब झाल्या होत्या!

भाऊबीज आली. रीत अशी की भावानं बहिणीकडे यायचं. आठ वर्षं मी त्या दिवशी संध्याकाळी दाराकडे बघायची आणि मग चंद्राला ओवाळायची. त्या वर्षी ताट घेऊन मीच निघाले. वहिनीनं दार उघडलं आणि काही न बोलता पाट मांडला. दादा बाहेरच्या खोलीत होता. केस सगळे पांढरे. मी ओवाळलं. त्यानं ताटात नोट टाकली. दोघांनाही काय बोलावं सुचेना.

मी पिशवीतून तो अंक काढून त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. एक एक पान बघितलं. चांदीच्या हातांचा फोटो आला तिथे थांबला. बराच वेळ. मला वाटलं आता जुनं काहीतरी निघणार. पण त्यानं विचारलं, "शेवटच्या गाण्याला बँड पूर्ण होता का?"

"पूर्ण होता. मागे बसले होते, दिसत होते सगळे."

"आणि पाऊस?"

"होता थोडा."

तो उठला, आतून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. त्यात त्या दोन कॅसेटी होत्या. एकीची फीत गुंतून बाहेर आली होती. पेन घालून ती गुंडाळायचा त्यानं प्रयत्न केला, जमलं नाही. मग अंकाकडे बघत म्हणाला, "आईला न्यायला पायजे होतं तिथं."

एवढंच. माफी त्यानं मागितली नाही, मीही नाही. प्लॉटचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि त्यानंतरही कधी निघाला नाही. काही गोष्टी आमच्यात दुखऱ्याच राहिल्यात. पण आता बाजारात समोर आला तर तो त्याच बाजूनं येतो, आणि दर भाऊबीजेला माझ्या घरी जेवायला असतो.

जाता जाता दोन गोष्टी. पहिली, ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की वडील २००५ च्या आधी वारलेले असले तरी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण कागद वाचून, समजून ठरवा. आणि हक्क घेतला म्हणून भाऊ सोडावा लागतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वेळ लागतो, पण होतं.

दुसरी, तुमचंही काहीतरी असेलच. एखादं नाटक, एखादं देऊळ, एखादा समुद्रकिनारा, वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं. कोणी विचारलं, "बाळंतपण आहे का गं?" तर हसून सांगा, "नाही, माझंच काम आहे." आणि जा. डबे जाऊबाई सांभाळतात!

परवा लेकीनं मोबाइलवर ते सगळं गाणं शोधून दिलं. आता कॅसेट नको, काही नको. दुपारी डबे गेले की मी लावते. मेरीचं पाच मात्रांचं गाणं आलं की लाटणं ओट्यावर टेकतं आणि हात गुडघ्यावर जातो. एक पाय जास्त.